बोक्याच्या कानाचं ऑपरेशन आणि दुर्बिणीने केलेली फेरतपासणी : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

तांबू (नाव बदललं आहे) हा पाचेक वर्षांचा, नसबंदी झालेला देशी बोका. वजन ४.२ किलो. बडोद्याच्या जुन्या भागात राहणाऱ्या एका काकूंनी त्याला पिल्लू असताना गल्लीतून उचलून आणलं. तो घरात झोपतो आणि दिवसा गच्चीवर असतो. त्याचा उजवा कान वर्षभरापासून वाहत होता. आधी नुसतं डोकं झटकणं, मग तपकिरी घाण, मग वास येणारा पू. काकूंनी ड्रॉप्स आणले. बाटली संपेपर्यंत बरं वाटायचं आणि संपली की पुन्हा तेच.

मग एका दवाखान्यात कानात मांसाचा गोळा दिसला. तिथे भूल देऊन तो चिमट्याने ओढून काढला. गोळा तपासणीला पाठवला गेला नाही. काही महिन्यांत कान पुन्हा वाहू लागला आणि तांबूची मान उजवीकडे किंचित कलायला लागली. तेव्हा काकू आमच्याकडे आल्या.

मांजरांच्या कानातला असा गोळा बहुतेक वेळा सुजेतून तयार झालेला पॉलिप असतो. तो कर्करोग नव्हे. मधल्या कानाच्या किंवा कान आणि घसा जोडणाऱ्या युस्टेशियन नळीच्या अस्तरातून तो देठासकट उगवतो. कानाचा पडदा फोडून बाहेर आला तर कान वाहतो. खाली नाकामागे उतरला तर मांजर घोरतं, श्वासाला आवाज येतो. तरुण मांजरांत जास्त दिसतो, पण वयाचं बंधन नाही. म्हणूनच फक्त कान पाहून भागत नाही. भूल दिल्यावर आम्ही टाळूचा मऊ भाग पुढे ओढून मागेही पाहिलं आणि डावा कानही तपासला. दोन्हीकडे काही नव्हतं.

अडचण काय होती

उजव्या कानाची नळी जवळजवळ बंद झाली होती. वर्षभराच्या सुजेने तिचं अस्तर जाड, खडबडीत झालं होतं आणि बाहेरून हात लावला तरी नळी कडक लागत होती. कानात पाहायच्या ऑटोस्कोपचं टोक अर्ध्यावरही जात नव्हतं. फटीतून गुलाबी, चकचकीत मांस दिसत होतं.

सीटी स्कॅनमध्ये चित्र स्पष्ट झालं. नळीच्या कूर्चेत चुना साठलेला, आणि पडद्यामागची हाडाची पोकळी, जिला आम्ही बुला म्हणतो, पूर्ण भरलेली. बुलाची भिंत जाड झाली होती, पण मेंदूच्या बाजूचं हाड शाबूत होतं. डावी बुला हवेने भरलेली, निरोगी.

पुढचं सगळं मांजराच्या बुलाच्या रचनेवर अवलंबून आहे, म्हणून ती इथे नीट सांगतो. कुत्र्याची बुला म्हणजे साधारण एकच पोकळी. मांजराची बुला दोन खोल्यांच्या घरासारखी असते, मध्ये हाडाची पातळ भिंत. बाहेरची-वरची खोली लहान. तिच्यात पडदा, कानाची इवली हाडं आणि युस्टेशियन नळीचं तोंड. आतली-खालची खोली मोठी. दोन्ही खोल्या एका अरुंद फटीने जोडलेल्या, आणि ती फट अंतर्कर्णाच्या, म्हणजे ऐकणं आणि तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाच्या, गोल खिडकीजवळ. त्याच परिसरात प्रोमॉन्टरी नावाच्या हाडाच्या उंचवट्यावरून डोळ्याकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक नसेचे तंतू जातात, तेही जवळजवळ उघडेच.

बाजूने ऑपरेशन केलं की सर्जन बाहेरच्या खोलीत पोचतो. आतली खोली भिंतीच्या मागे राहते. भिंत फोडली तरी आतला कोपरा सरळ नजरेत येत नाही. रोगट अस्तर राहतं ते अशाच ठिकाणी, आणि राहिलेल्या अस्तरातून स्राव होत राहतो. वरची जखम छान भरते, टाके निघतात, घरचे निश्चिंत होतात. आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, कानाखाली गळू येतं किंवा कातडीला भोक पडून पू वाहू लागतो. मग दुसरं ऑपरेशन. ते पहिल्यापेक्षा कितीतरी कठीण, कारण सगळं व्रणाच्या ऊतीत अडकलेलं असतं आणि चेहऱ्याची नस कुठे आहे ते ओळखू येत नाही.

समोरचे पर्याय

काकूंचा मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "डॉक्टर, मागच्या वेळी लगेच झालं होतं. परत तसंच ओढून काढता येणार नाही का?"

प्रश्न रास्त होता. पॉलिप ओढून काढणं हा चांगला, कमी त्रासाचा उपाय आहे आणि सोबत सूज उतरवणाऱ्या प्रेडनिसोलोनचा उतरता डोस दिला की निकाल सुधारतो. पण तो पॉलिप कुठे आहे यावर फार काही ठरतं. नाकामागे उतरलेला पॉलिप ओढून काढला तर बहुतेकदा परत येत नाही. कानाच्या नळीत आलेला बराच जास्त वेळा परत येतो, कारण त्याचं मूळ बुलात राहिलेलं असतं. तांबूचा एकदा परत आला होता, आणि आता चिमटा घालायला नळीच उरली नव्हती.

औषधांवर ठेवणं हा दुसरा पर्याय. बुला मांसाने भरलेली असताना औषध आत पोचत नाही. शिवाय पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनसारखे ड्रॉप्स किंवा क्लोरहेक्सिडिनचं पाणी कानात गेलं तर अंतर्कर्णाला इजा होऊ शकते. मांजरं याबाबत विशेष नाजूक. काकूंकडच्या जुन्या बाटल्या आम्ही मागवून घेतल्या आणि बंद केल्या. त्याच वेळी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली आणि इथेही लिहितो: मांजराला दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. एका गोळीने मांजर मरू शकतं.

राहिली दोन ऑपरेशनं, आणि खरा विचार इथेच करावा लागला.

व्हेंट्रल बुला ऑस्टिओटॉमीत मांजराला उताणं ठेवून जबड्याखालून बुला उघडतात. त्यात आतली मोठी खोली थेट हाती येते, भिंत फोडून बाहेरची खोलीही साफ करता येते, आणि कानाची नळी वाचते. पॉलिपसाठी मांजरात हे माझं आवडतं ऑपरेशन आहे आणि पॉलिप परत येण्याचं प्रमाणही त्यात कमी. नळी बरी असती तर मी दुसरा विचार केला नसता.

टोटल इअर कॅनल अब्लेशन आणि लॅटरल बुला ऑस्टिओटॉमी, ज्याला आम्ही बोलताना टेका म्हणतो, त्यात कानाची संपूर्ण नळी काढून बाजूने बुला उघडतात. बाहेरचा कान तसाच दिसतो, पण भोक राहत नाही. नळीचा रोग कायमचा जातो. जोखीम अशी की चेहऱ्याची नस नळीला चिकटूनच वळते, आणि मांजरात ती दुखावण्याचं प्रमाण कुत्र्यापेक्षा जास्त. दुसरा तोटा वर आलाच आहे: आतली खोली बाजूने नीट दिसत नाही.

नळी निकामी, बुला भरलेली. दोन्ही ऑपरेशनं एकाच भुलेत करायची तर जखमा दोन, बाजू बदलायची, वेळ दुप्पट. आम्ही टेका ठरवली आणि तिची उणीव दुर्बिणीने भरून काढायचं ठरवलं. माणसांच्या कानात कोलेस्टिआटोमाच्या (मधल्या कानात वाढणाऱ्या कातडीच्या गाठीच्या) ऑपरेशनमध्ये कान-नाक-घसा तज्ज्ञ हेच करतात: मायक्रोस्कोपला न दिसणारे कोपरे तिरक्या दुर्बिणीने पाहतात, म्हणजे रोग मागे राहण्याची शक्यता कमी होते.

काकूंना मोठ्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पर्यायही दिला. आणंद इथून चाळीसेक किलोमीटरवर आहे. त्यांनी विचार करून आमच्याकडेच करायचं ठरवलं. एकच विनंती केली, उत्तरायण होऊन जाऊ द्या. पतंगांच्या त्या सणाचे जानेवारीतले दोन दिवस गच्च्यांवर लाउडस्पीकर आणि आरडाओरडा असतो. टाके घातलेला बोका घाबरून कपाटामागे शिरला तर बाहेर कोण काढणार? थांबण्याने वैद्यकीय नुकसान नव्हतं. तोवर आम्ही वेदनाशामक सुरू ठेवलं.

"ऐकू येईल का हो त्याला?" काकूंनी सही करताना विचारलं.

"काकू, त्या कानाने आत्ताही फारसं येत नसणार. डावा कान उत्तम आहे, त्याचं अडणार नाही. पण डोळा काही आठवडे अर्धवट मिटलेला दिसेल, ओठ एका बाजूला उतरेल, हे धरून चाला. दिसलं नाही तर आनंदच आहे."

हे आधी सांगितलेलं बरं असतं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा ऐकलं की घरच्यांना काहीतरी बिघडलं असं वाटतं.

ऑपरेशन

नळी कूर्चेला घासून सोडवत खाली गेलो. मांजरात ही जागा इतकी लहान की पकडचिमट्याचं टोकही मोठं वाटतं. नळीच्या मागच्या-खालच्या बाजूला चेहऱ्याची नस दिसली, पांढरट, शिवणकामाच्या दोऱ्याएवढी. ती ताणू नये म्हणून रिट्रॅक्टर लावला नाही. सहायकाने ओल्या कापसाने हलकेच बाजूला धरली. नळी हाडाच्या कडेशी कापून काढली. बुलाची बाहेरची भिंत रॉन्जरने (हाड कुरतडणाऱ्या चिमट्याने) थोडी थोडी उचलली. पॉलिप देठासकट निघाला. बुलाच्या आतून स्वॅब घेतला. नळीतला पू कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवून काही कळत नाही, तिथे हर प्रकारचे जंतू असतात. मग मधली भिंत फोडली. आतल्या खोलीतून घट्ट, पिवळसर चिकट द्रव आला. क्युरेटने (खरवडायच्या बारीक चमच्याने) दोन्ही खोल्या खरवडल्या, कोमट सलाइनने धुतल्या. वरच्या आणि आतल्या बाजूला क्युरेट नेला नाही; तिथे गोल खिडकी आणि प्रोमॉन्टरी.

डोक्यावरचा दिवा आणि भिंगाचा चष्मा लावून पाहिलं तर पोकळी स्वच्छ होती. क्युरेट फिरवला की सगळीकडे कोरड्या हाडाची खरखर. एरवी याच ठिकाणी टाके घालायला सुरुवात झाली असती.

दुर्बिणीत काय दिसलं

आमच्याकडची दुर्बीण २.७ मिलिमीटर जाडीची, ३० अंश तिरकी पाहणारी. नाक, मूत्राशय, कान सगळ्याला तीच वापरतो. तिरकी असल्याचा फायदा असा की आत घालून नुसती गोल फिरवली की नजर कोपऱ्यावरून वळते. प्रकाश कमी ठेवला, कारण टोक तापतं आणि ते ऊतीला टेकता कामा नये. सलाइन शरीराच्या तापमानाचं, हळू धारेने. थंड पाणी किंवा जोराची धार गोल खिडकीवर बसली तर मांजर शुद्धीवर येताना चक्कर घेऊन उठतं.

पहिली गोष्ट दारातच दिसली. कानाची नळी जिथे हाडात शिरते त्या तोंडाशी, पुढच्या-खालच्या कडेवर, ओलसर चमकणारी अस्तराची पट्टी. काही मिलिमीटरच. वरून पाहताना हाडाची कडच तिला झाकत होती. टेकानंतर गळू होण्याला ही कड बरेचदा जबाबदार असते, कारण तिथलं अस्तर कातडीच्या जातीचं असतं आणि मागे राहिलं तर वाढतच राहतं. बारीक क्युरेटने आणि बरने (हाड घासणाऱ्या फिरत्या टोकाने) ती कड हाड दिसेपर्यंत घासली.

दुसरी गोष्ट आतल्या खोलीत. मधली भिंत आम्ही फोडली होती, पण तिचा मागचा एक कंगोरा उभा होता. त्याच्या आतल्या बाजूला जाड अस्तराचा तुकडा लोंबत होता आणि त्यामागच्या खोलगटात चिकट द्रव अजून साठलेला होता. क्युरेट या कंगोऱ्यावरून घसरून पुढे जात होता, म्हणून हाताला सगळं हाड लागत होतं. हाताचा अंदाज कुठे फसतो ते इथे डोळ्यांनी दिसलं. कंगोरा रॉन्जरने काढला, तुकडा ओढला, खोलगट धुतला, आणि पुन्हा पाहिलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. प्रोमॉन्टरीवर एक पातळ, गुलाबी, गुळगुळीत पडदी दिसत होती.

इथे टेबलाशी आमच्यात दोन मतं झाली. सहकाऱ्याचं म्हणणं, आता दिसतंच आहे तर काढू. नंतर गळू झालं तर हीच जागा आठवेल. माझं म्हणणं, राहू द्या. मधल्या कानाचं स्वतःचं अस्तर असंच पातळ, गुलाबी असतं. ते कातडीच्या जातीचं नव्हे, त्याचा थोडा स्राव युस्टेशियन नळीने घशात उतरू शकतो. जाडी नव्हती, देठ नव्हता, पू नव्हता. आणि त्याखालून जाणारे तंतू खरवडले गेले तर डोळ्यावरचा परिणाम कायमचा राहू शकतो. जरा पुढे सरकलं तर अंतर्कर्ण. दुर्बिणीने कुठे काय आहे ते कळतं, पण त्या ऊतीची जात कळत नाही. ती पॅथॉलॉजिस्टच सांगणार, आणि प्रोमॉन्टरीवरून तुकडा घ्यायचा म्हणजे तिथे खरवडायचंच.

आम्ही ती पडदी राहू दिली, आणि तिचा फोटो काढून ठेवला.

या सगळ्याने भूल वीसेक मिनिटांनी लांबली. त्यातला बराच वेळ भिंगावरचं रक्त पुसण्यात गेला. छिद्र एवढं लहान की दुर्बीण आणि क्युरेट एकत्र मावत नाहीत. पाहायचं, बाहेर काढायचं, खरवडायचं, पुन्हा पाहायचं. ऑक्सिजन, रक्तदाब, तापमान स्थिर होतं, म्हणून हा वेळ घेता आला. रक्तदाब उतरत असता तर दारातली कड साफ करून थांबणं हाच निर्णय योग्य ठरला असता.

पोकळी स्वच्छ वाटल्याने निचऱ्याची नळी ठेवली नाही. थरांत टाके घातले. डोक्याला घट्ट बँडेज बांधलं नाही. सूज आणि बँडेज मिळून घसा आवळला जातो आणि मांजराचा श्वास अडतो.

निकाल

शुद्धीवर आल्यावर उजव्या डोळ्याची बाहुली बारीक, वरची पापणी उतरलेली, डोळा किंचित आत आणि तिसरी पापणी अर्ध्यावर आलेली. हा हॉर्नर सिंड्रोम, म्हणजे प्रोमॉन्टरीवरून डोळ्याकडे जाणारे ते तंतू दुखावल्याची खूण. बुलाच्या ऑपरेशननंतर मांजरात तो वारंवार दिसतो आणि बहुतेकदा आपोआप जातो. उजव्या बाजूने पापणीही पूर्ण मिटत नव्हती, म्हणजे चेहऱ्याची नस ताणली गेली होती. इथे घरच्यांचं काम सुरू झालं. डोळा मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडून जखम होते. काकूंनी कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री मलम, एकही वेळ न चुकवता घातलं. काही दिवसांनी फ्लुरोसीनने (जखम दाखवणाऱ्या रंगाने) तपासलं, बुबुळ स्वच्छ होतं. त्याचं श्रेय पूर्ण काकूंचं.

कल्चरमध्ये स्युडोमोनास हा जंतू आला. त्याच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहून मार्बोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं. त्याच गटातलं एन्रोफ्लॉक्सासिन मांजरात जपून वापरावं लागतं, डोस वाढला तर दृष्टिपटलाला इजा होते. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट: सुजेचा पॉलिप, नळीत जुनाट दाह, कर्करोग नाही. कड आणि कंगोरा इथले तुकडे वेगळ्या बाटल्यांत पाठवले होते. कडेवरचं अस्तर कातडीच्या जातीचंच निघालं. ते राहिलं असतं तर गळू झालंच असतं असं मी म्हणणार नाही. पण ते राहू द्यायला कोणताही सर्जन तयार झाला नसता.

तिसरी पापणी महिन्याभरात खाली बसली. पापणी मिटायला थोडा जास्त वेळ लागला. मान अजून उत्साहात असताना किंचित कलते, आणि ती तशीच राहील असं दिसतं. वर्ष उलटून गेलं, कानाखाली गाठ नाही, कातडीला भोक नाही. गळू याहून उशिराही येतं, म्हणून काकूंना दर काही महिन्यांनी कानाखाली बोटाने दाबून पाहायला आणि तांबूला तोंड उघडताना दुखतंय का यावर लक्ष ठेवायला सांगितलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला पॉलिप काढला तेव्हाच तो पॅथॉलॉजीला गेला असता आणि बुलाचा एक्स-रे किंवा सीटी झाला असता, तर कदाचित नळी वाचवून खालून ऑपरेशन करता आलं असतं. वर्षभर ड्रॉप्स चालू असलेल्या मांजराच्या बाबतीत माझं हे आग्रहाचं सांगणं आहे: दुसऱ्यांदा कान वाहिला की पडद्यामागे पाहा.

दुर्बीण आम्ही सगळं खरवडून झाल्यावर आत घातली. आता मधली भिंत फोडण्याआधी एकदा आणि फोडल्यानंतर लगेच एकदा, अशी पाहतो. भिंत शाबूत असताना तिची मांडणी नीट कळते आणि कंगोरा मागे राहत नाही. शिवाय तेव्हा रक्त कमी असतं, भिंग कमी पुसावं लागतं.

दुर्बीण नसलेल्या दवाखान्यांनी टेका करू नये, असं माझं म्हणणं नाही. चांगला प्रकाश, भिंग, रचनेची पक्की ओळख आणि घाई न करणारा हात यांवर ही ऑपरेशनं वर्षानुवर्षं यशस्वी झाली आहेत. पण मांजराच्या बाबतीत, आतली खोली भरलेली असेल आणि नळी काढावीच लागणार असेल, तर दुर्बीण असलेल्या ठिकाणी पाठवण्याचा विचार जरूर करावा. नळी शाबूत असेल तर खालून जावं. मग दुर्बिणीची गरजही कमी भासते.

प्रोमॉन्टरीवरच्या पडदीबद्दल आमच्या दोघांचं अजूनही एकमत नाही. सहकाऱ्याला वाटतं की मऊ कापसाच्या बोळ्याने ती हलकेच पुसून पाहायला हवी होती. सुटून आली तर आली. मला तेवढंही धोक्याचं वाटतं. एका गोष्टीवर मात्र सहमती झाली, आणि तो आता नेम आहे: टाके घालण्याआधी दुर्बिणीतून दोन्ही खोल्यांची चित्रफीत घ्यायची, काय काढलं आणि काय मुद्दाम ठेवलं ते ऑपरेशनच्या नोंदीत लिहायचं, आणि त्याची एक प्रत घरच्यांना द्यायची. तांबूची प्रत काकूंच्या मुलाच्या फोनमध्ये आहे. पुढे कधी गाठ आलीच आणि तेव्हा मुलगा तांबूला पुण्यात दुसऱ्या कुणाकडे घेऊन गेला, तर त्या सर्जनला कुठून सुरुवात करायची ते कळेल.